दोन खांबांचं एकमत

पौषातली दुपार कलायला लागली की बडोद्याचा वारा फिरतो. सकाळी तो ईशान्येकडून येतो, कोरडा, ओठ फाडणारा. जेवणं उरकतात, उन्हाला जरा सुस्ती येते आणि मग कधीतरी, कुणाच्या लक्षात येण्याआधीच, तो पश्चिमेकडून यायला लागतो. संक्रांतीच्या आधीचे हे दिवस आले की माझं घरात लक्ष लागत नाही. चहा टाकते आणि गॅसपाशी उभं राहायचं विसरते. वर्तमानपत्र उघडते, मिटते. शेवटी अगाशीवर जाऊन उभी राहते. गच्चीला आम्ही बडोदेकर मराठी लोकही अगाशीच म्हणतो.

शेजारच्या हिनाबेन मला दरवर्षी म्हणतात, "मेधाबेन, तमने पतंगनो बहु शोख!" मी हसते. शोख वगैरे काही नाही. पतंग उडवता मला कधी आला नाही, ठुमकी मारली की माझा पतंग हमखास खाली डोकं घालायचा. मी बघते ते एवढंच, की आकाशातले सगळे पतंग कुठल्या बाजूला उभे आहेत. सकाळी एका बाजूला असतात, दुपारनंतर दुसऱ्या. तो बदल एकदा डोळ्यांनी पाहिला की छातीतली धडधड जरा कमी होते आणि मी खाली येते.

हे सगळं एका हिवाळ्यापासूनचं आहे.

तेव्हा मी इंजिनिअरिंग करून नुकतीच नोकरीला लागले होते. अलकापुरीत, साड्यांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांची कंपनी. मालक मुकुंदभाई. अमेरिकेत काही वर्षं काढून परत आलेले, सतत उत्साहात, सतत घाईत. ते दिवसच घाईचे होते. देश उघडला म्हणत. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते, घरोघर केबल आली होती, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं व्हिसाच्या रांगेत होती. मला जायचं होतं की नव्हतं हे मला ठरवता येत नव्हतं. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधून रोज स्कूटरवर निघायचं, अलकापुरीत संगणकासमोर बसायचं, संध्याकाळी परत यायचं आणि रात्री पडल्या पडल्या वाटायचं की आपण सोडून सगळेच कुठेतरी निघालेत.

काम मात्र मला आवडत होतं. शहराबाहेर रासायनिक कारखान्यांचा मोठा पट्टा आहे. कुठे वायू गळला तर तो कुणीकडे जाईल हे तत्क्षणी कळावं म्हणून त्या पट्ट्याभोवती आम्ही खांब रोवले होते. प्रत्येक खांबावर हवा हुंगणारी एक पेटी आणि रेडिओची एरियल. त्यांतल्या तीन खांबांवर शिवाय वाऱ्याची दिशा सांगणारा बाण. दर काही सेकंदांनी प्रत्येक खांब आपला आकडा पाठवायचा आणि पट्ट्यातल्या अग्निशमन केंद्रात, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलेला आमचा संगणक ते सगळे आकडे येतील तसे, न थांबता, चाळत राहायचा. साठवून सवडीनं हिशोब करायचा हे त्यात नव्हतंच. मुकुंदभाई त्याला 'रिअल टाइम' म्हणायचे. घरी मी तो शब्द सांगितला तर बाबा म्हणाले, "म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या घड्याळातला टाइम खोटा का गं?"

बाबा रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. पणजोबा सरकारच्या पागेत होते, आजोबा फौजेत, बाबा लोखंडात. मुलगी आकडे बघत बसते आणि त्याचा पगार मिळतो, हे त्यांच्या पचनी पडायला वेळ लागला.

वाहत्या पाण्याकडे बघून मन शांत होतं म्हणतात. त्या आकड्यांच्या वाहण्यानं मी कधी शांत झाले नाही. ते सरळ येतच नसत. एखादा खांब मध्येच गप्प व्हायचा, मग त्याचे मागचे चार आकडे एकदम यायचे; मागून निघालेला पुढे, पुढचा मागे. त्यांना त्यांच्या त्यांच्या वेळेनुसार पुन्हा रांगेत लावायचं, तर उशिरा येणाऱ्यासाठी थोडं थांबावं लागतं. किती थांबायचं? फार थांबलं तर जे कळतं ते शिळं. लवकर पुढे गेलं तर कुणाचं तरी ऐकायचं राहून गेलेलं. मी जेवताना, स्कूटरवर, आईशी बोलताना हेच घोळवत असायची. आई म्हणायची, "कुठे असतेस गं? मी केव्हाची विचारतेय, पोळी वाढू का?"

आणि वाऱ्याचे तीन बाण. तिघांचं पटलं नाही तर? मुकुंदभाईंनी नियम घातला होता, दोघं जे सांगतील ते खरं, तिसरा बिघडला असं समजायचं आणि त्याचं काहीच धरायचं नाही. आम्हां सगळ्यांनाच तो शहाणपणाचा वाटला. त्यात तिसरा खांब मुळातच बदनाम होता. तो कारखान्यांच्या पूर्वेला मोकळ्या शेतात होता आणि तिथल्या म्हशी त्याला अंग घासायच्या. मग बाण गरगरायचा, पेटी भलतेच आकडे द्यायची. ऑफिसात त्याला सगळे वेडा खांब म्हणायचे. बाकीचे दोघं सभ्य होते. एक नदीकाठच्या गावाच्या मागे, एक कामगार कॉलनीच्या कडेला.

त्या कॉलनीत माझी आत्या राहायची. बाबांची थोरली बहीण, शालूआत्या. यजमान कारखान्यात होते. ते गेल्यावरही तिनं तळमजल्यावरचं घर सोडलं नाही. संक्रांतीला आमचं सगळं घर तिच्याकडे जायचं, कारण पतंग उडवावा तर शालूआत्यानं. नऊवारी खोचून, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून ती अगाशीच्या कठड्यापाशी उभी राहिली की आजूबाजूच्या अगाश्यांवरचे बाप्ये आपापला पतंग जरा लांब न्यायचे. कुणाचा कापला की "काप्यो छे!" म्हणून अशी ओरडायची की खालच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची.

त्या वर्षी मी गेले नाही. यंत्रणा नवी होती, सणाच्या दिवशी कुणीतरी तिच्यापाशी असायला हवं होतं. आईकडे हळदीकुंकू होतं. बाबा एकटेच स्कूटरवरून आत्याकडे गेले, जाताना मला केंद्रावर सोडून. डब्यात गुळाच्या पोळ्या होत्या.

केंद्रात त्या दिवशी परमारसाहेब होते. अग्निशमनातले जुने अधिकारी, कमी बोलणारे. मला ते 'कॉम्प्युटरवाळा बेन' म्हणत. खिडकीतून कॉलनी दिसायची, तीन मजली इमारतींची ओळ, प्रत्येकीच्या माथ्यावर माणसांची गर्दी. सकाळी वाऱ्यानं त्यांचे पतंग आमच्याच दिशेला आणून सोडले होते, थेट आमच्या डोक्यावर. स्पीकरवरची गाणी तुटक ऐकू येत होती. यातला कुठला पतंग आत्याचा, हे ओळखायचा मी प्रयत्न करत होते. दुपारी परमारसाहेबांनी चिक्की पुढे केली, मी गुळाची पोळी दिली. आकडे येत होते, जात होते.

मग एका कारखान्यातून फोन आला. क्लोरिनच्या मोठ्या सिलिंडरची झडप फुटली होती.

परमारसाहेबांनी बंब पाठवला, मास्क घातलेली माणसं पाठवली, आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले. "कई बाजू जाय छे?" कुठल्या बाजूला चाललाय?

पडद्यावर आमच्या यंत्रणेनं वायूची पाचर रंगवली होती. नैर्ऋत्येला, नदीकाठच्या गावाकडे. किती सुबक दिसत होती! मी बोट ठेवलं. त्यांनी गावच्या सरपंचांना फोन लावला. माणसं बाहेर काढा, रस्त्यानं पूर्वेकडे चला, कॉलनीच्या शाळेत थांबा.

फोन ठेवेपर्यंत मला काहीतरी टोचायला लागलं होतं. गावाच्या बाजूच्या पेट्यांना वासच लागत नव्हता. परमारसाहेब म्हणाले, अजून पोचला नसेल. शक्य होतं. मी उठले, बसले, पुन्हा उठले. कशासाठी ते कळत नव्हतं. खिडकीपाशी गेले.

आमच्या डोक्यावर एकही पतंग नव्हता. कॉलनीच्या अगाश्यांवर माणसं तेवढीच होती, हात तसेच वर. पण त्यांच्या पाठी आमच्याकडे झाल्या होत्या. पतंग सगळे पलीकडे, कॉलनी ओलांडून, पूर्वेच्या आकाशात ठिपक्यांसारखे.

"साहेब, वारा फिरलाय."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "आमां तो नथी फर्यो." यात तर फिरलेला नाही.

"पडदा चुकतोय."

"बेन, आ तमे ज बनाव्युं छे ने?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. तुम्हीच बनवलंय ना हे?

मी टाकून दिलेले आकडे उघडले. आमची यंत्रणा जे नाकारते ते एका बाजूला ढीग घालून ठेवत असे, तपासायला कधीतरी लागेल म्हणून. वेडा खांब त्या ढिगात कितीतरी वेळ ओरडत होता. वारा पश्चिमेचा, वारा पश्चिमेचा. आणि त्याच्या पेटीतला क्लोरिनचा आकडा वर चढत होता. कारखाना आणि कॉलनी यांच्या मधोमध तो खांब उभा होता.

"दोघं खोटं सांगतायत," मी म्हटलं. "तिसरा खरं."

"पाक्कुं?"

नक्की का? वेडा खांब आजही वेडा असू शकत होता. पतंगांचं मी चुकीचं वाचलेलं असू शकत होतं. गावाला परत फिरवायचं आणि वारा खरंच गावाकडे असला तर? मी खिडकीकडे बोट केलं. परमारसाहेब गेले, तावदान उघडून बाहेर वाकले, परत आले आणि त्यांनी सरपंचांना पुन्हा फोन लावला. लोक निघाले होते. दोन ट्रॅक्टर रस्त्याला लागलेही होते. त्यांनी फोनमध्ये जो आवाज काढला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. एक मोटरसायकल ट्रॅक्टरांच्या मागे सुटली आणि ते वाटेतच परतवले गेले, हे आम्हांला नंतर कळलं.

"आता कॉलनी," ते म्हणाले. "हा वायू जड असतो, जमिनीला धरून जातो. लोकांना सांगा, वर राहा. खाली कुणी उतरू नका."

खोलीत दोन फोन होते. त्यांनी एकावरून कॉलनीचं कार्यालय लावलं. सणाची सुट्टी, कुणी नाही. मी दुसऱ्यावरून आत्याचा नंबर फिरवला. वाजत राहिला. बंद झाला. पुन्हा फिरवला. सगळे वर असणार, स्पीकर लावलेले, कुणाला ऐकू जाणार? पुन्हा फिरवला. रिकाम्या घरात वाजणाऱ्या घंटीचा तो आवाज, एक लांब, मग थोडी शांतता, मग पुन्हा. मी फोन ठेवूच शकत नव्हते. परमारसाहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "दुसरं कोण?"

तेव्हा मला बूथ आठवला. कॉलनीच्या दाराशी रेखाबेनचा एसटीडी बूथ होता. दिवाळीलाही बंद नसायचा, कारण सणाला तर लोक परदेशातल्या मुलांना फोन करायला येतात. तिथला नंबर आत्यानं मला कधीचा पाठ करायला लावला होता. पहिल्याच घंटीला रेखाबेननं उचलला. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. तिनं एकच विचारलं, "मोढे शुं बांधवानुं?" तोंडाला काय बांधायचं? ओला कपडा, मी म्हटलं. तिनं फोन आपटला. बूथ उघडा टाकून ती समोरच्या इमारतीचे तिन्ही जिने चढली आणि अगाशीवर गाणी लावणाऱ्या पोरांच्या हातातून तिनं माइक हिसकावून घेतला. गाणं थांबलं ते मला खिडकीतून कळलं. त्यानंतरचा तिचा आवाज शब्द कळण्याइतका जवळ नव्हता. पण अगाश्यांवरचे हात खाली आले, आणि पतंग एकामागून एक, दोऱ्या सुटून, पूर्वेकडे निघून गेले.

हे लिहिताना वाटतं, सगळं किती सरळ एकामागून एक झालं. तेव्हा तसं काहीच नव्हतं. सगळं एकदम आणि सगळं उशिरा.

कॉलनीतल्या मैदानावरून वायू गेला. वरून बाबांनी पाहिला. पिवळट, गवताला धरून सरकत येणारा. अगाशीवरच्यांचे डोळे चुरचुरले, खोकले आले, बायकांनी पोरांच्या तोंडावर ओले पदर धरले. पण वर होते ते वाचले. झडप तोवर बसवली गेली होती. पुढे कित्येक दिवस मैदानाकडेच्या लिंबाची खालची पानं पांढरी पडलेली होती, वरची हिरवीगार.

फक्त आत्या वर नव्हती. बाबांच्या हे लक्षात आलं तेव्हा माइकवरून रेखाबेन अजून सांगत होती, खाली उतरू नका. बाबा टॉवेल पाण्यात बुडवून, तोंडाला गुंडाळून खाली उतरले. आत्या पुढच्या खोलीत जमिनीवर बसलेली सापडली, श्वास ओढत. बाबांनी तिला पाठीवर घेतलं. रेल्वेचं लोखंड उचललेली पाठ होती ती. तरी त्यानंतर ती सरळ व्हायला महिने गेले.

दुसरा दिवस शिळ्या उत्तरायणाचा; संक्रांतीला इथे उत्तरायण म्हणतात. बडोद्यात त्या दिवशीही पतंग उडतात. मी हॉस्पिटलमधून मुकुंदभाईंबरोबर खांब बघायला गेले. गावामागच्या आणि कॉलनीकडेच्या, दोन्ही सभ्य खांबांवर कापलेल्या पतंगांचा गुलाबी मांजा बाणाच्या दांडीभोवती गच्च गुंडाळला गेला होता. सकाळी वारा जिकडे होता तिकडेच दोन्ही बाण अडकून राहिले होते, आणि म्हणून त्यांचं एकमत होतं. शेतातल्या खांबापर्यंत कुणाचा पतंग पोचत नव्हता. मुकुंदभाईंनी किल्लीनं मांजा कापला. बोटातून रक्त आलं तरी कापत राहिले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मेधा, मारी पण नजर नहोती गई." माझंही लक्ष गेलं नव्हतं.

पण आठवड्याभरात ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. दुसऱ्या पट्ट्यातून चौकशी आली होती. पाहुण्यांना ते सांगत, आमच्या सिस्टमनं कॉलनी वाचवली. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, हा नियम काढा. तिघांचं पटत नसेल तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत येऊ दे की यांचं पटत नाही, माणसानं उठून बघावं.

"ग्राहकने जवाब जोईए," ते म्हणाले. "झघडो नहीं." गिऱ्हाइकाला उत्तर हवं असतं, भांडण नाही.

"खांब भांडत असतील तर भांडण दिसू दे ना!"

माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या खोलीतलं टाइपिंग थांबलं. मुकुंदभाई म्हणाले, विचार करू. तो विचार बरेच दिवस चालला असता. पण परमारसाहेबांनी निरोप पाठवला, की पडदा बदलत नसेल तर या खोलीत तो लावूही नका, मी खिडकीवर भागवीन. मग मी बसून तो नियम बदलला. आजही माझ्या हाताखालची मुलं विचारतात, मॅडम, उशिरा येणाऱ्या आकड्यासाठी किती थांबायचं, न पटणाऱ्याचं काय करायचं? यंत्रं आता फार पुढे गेली आहेत, हजारो खांब एकदम ऐकतात, ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनवर हवेचा आकडा असतो. मी त्यांना जे येतं ते सांगते. आणि सांगून झाल्यावर उगाच खिडकीपाशी जाते.

व्हिसाच्या रांगेत मी उभी राहिले नाही. ठरवलं असं नाही. तो हिवाळा गेला आणि मी इथेच होते.

आत्या रथसप्तमीच्या सुमाराला घरी आली. आमच्याच घरी, प्रतापनगरला. दम लागायचा, बोलताना मध्ये थांबायला लागायचं. तो खोकला तिला शेवटपर्यंत पुरला. एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते. इतके दिवस कुणीच विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"आत्या, तू खाली का आली होतीस गं?"

"वरच्याच मजल्यावर शेजारणीकडे पाणी प्यायला निघाले होते," ती म्हणाली. "जिन्यात होते, तर आपल्या घरातला फोन वाजताना ऐकू आला. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. म्हटलं, एवढं कोण अडलंय? धावत उतरले. कुलूप काढून आत जाते तो बंद झाला. पुन्हा वाजेल म्हणून बसले तिथेच. बस, मग ते सगळं सुरू झालं."

माझे हात थांबले. तेल बोटांवरून तिच्या पोटरीवर ओघळत होतं ते मला दिसत होतं.

आत्या माझ्याकडे बघत होती. तिला कळायला वेळ लागला नाही. लहानपणापासून माझा चेहरा तिनं वाचलेला होता.

"तूच होतीस होय?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

तिनं उशीचा आधार घेतला, जरा वर सरकली, माझी हनुवटी धरून चेहरा वर केला. "बरं, मग आता सांग. काय सांगायचं होतं तुला?"

"वर राहा," मी म्हटलं. "वरच राहा, खाली उतरू नका, म्हणून."

आत्याला हसू फुटलं. खांदे गदगदायला लागले, खोकला आला, तरी हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी घाबरून तिची पाठ चोळायला लागले तर तिनं माझा हात धरला आणि श्वास घेत घेत म्हणाली,

"अगं, वरच तर होते मी!"